चिठ्ठीच्या खालच्या ओळी

"दात आलेत का तिला?"

नवी संगणकभाषा निघाली, अशी बातमी घेऊन कुणी ऑफिसात शिरलं की काका पडद्यावरची नजर न काढता एवढंच विचारायचे. बातमी आणणारा गोंधळला की चष्मा कपाळावर चढवून खुर्ची त्याच्याकडे वळवायचे. "जन्माला आली म्हणतोस ना? मग चावून खाते, का अजून दुधावरच आहे? कागदावर छापता येतं का तिला? चुकलं तर कुठं चुकलं ते सांगते, का नुसतंच भोकाड पसरते?"

बातमी आणणारा हातातलं माहितीपुस्तक चाळू लागायचा. "मग येऊ देत दात," म्हणून खुर्ची परत वळायची.

तुम्ही कुठल्याही ऑफिसात काम केलं असेल, तर असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. सकाळी सगळ्यांचा उत्साह घालवणारा, आणि संध्याकाळी अडलं की सगळे ज्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहतात असा. आमच्याकडे हे होते. समोर आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि पाठीमागे काका. पुढं समोरही काकाच म्हणू लागलो आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

आमचं ऑफिस उस्मानपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. तीन खोल्या, सात-आठ माणसं, आणि वीज गेली की एका सुरात किंचाळणाऱ्या बॅटऱ्या. घराघरात संगणक यायच्या आधीचे दिवस. चिकलठाण्याच्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं, दुकानांचा माल, पतसंस्थांची खाती, असली कामं आम्ही करायचो. मी नुकतीच शिकून लागले होते आणि दुसऱ्यांच्या चुका शोधण्याच्या कामावर होते. काका पंचेचाळिशीच्या पुढचे. आपला प्रोग्रॅम तयार झाला की मला हाक मारायचे, "या बाईसाहेब, आमची अब्रू तपासा."

प्रत्येक नव्या भाषेची ते एकच परीक्षा घ्यायचे. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, हे तिला सांगायला लावायचं. पाणी काही दिवसांआड, मध्ये सण आला की पाळी सरकते, उन्हाळ्यात अंतर वाढतं. "यात सगळं आलं," ते म्हणायचे. "तारीख आली, अट आली, अपवाद आला. जिला माझ्या गल्लीचं पाणी सांगता येत नाही, ती कारखाना काय चालवणार?" एकदा प्रोग्रॅमनं गुरुवार सांगितला आणि काकूंचा ऑफिसात फोन आला, की हंडे कोरडेच आहेत. काकांनी प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला आणि फोनवर शांतपणे सांगितलं, "हा बरोबर आहे. नळ चुकला."

ज्या वर्षांबद्दल सांगतेय, तेव्हा ऑफिसात दोन भाषा होत्या. खरी नावं कुणी घेत नसे. एक थोरली, एक धाकटी. थोरली काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चालायची, कुठल्याही भंगार मशीनवर चालायची आणि तिच्यात काय बिघडतं हे गावाला माहीत होतं. पण तिला इंग्रजीपलीकडे अक्षर येत नव्हतं. धाकटी नवीन. ती जगातल्या सगळ्या लिप्या लिहिते, असं तिच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं. त्याच पुस्तकात पुढच्या काही पानांवर फक्त 'हा भाग लवकरच' असंही लिहिलेलं होतं. पोरं धाकटीवर फिदा होती. काका थोरलीचे.

अशात जुन्या शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम आलं. औषधाच्या खिडकीवर कम्पाउंडर हातानं चिठ्ठी लिहायचा, ती आता संगणकानं छापायची. कुठलं औषध, केव्हा घ्यायचं, किती. काम लहान होतं. आमच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, कशात करायचं? सगळ्यांनी काकांकडं पाहिलं, कारण उत्तर माहीत होतं.

काका म्हणाले, "धाकटीत करू."

साहेबांना वाटलं, थट्टा आहे. "काका, तिला छापता येत नाही म्हणून तुम्हीच मागच्या महिन्यात बोंबलत होता."

"अजूनही येत नाही."

"मग?"

"चिठ्ठी वर मराठीत आणि खाली उर्दूत द्यायची. थोरलीत ते होत नाही. आणि तिथं येणाऱ्या अर्ध्या लोकांना इंग्रजी चिठ्ठी म्हणजे कोरा कागद."

"दवाखान्यानं असं मागितलंय?"

"मागितलं नाही. होतं हे त्यांना माहीतच नाही, तर मागतील कसं?"

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर."

"जिम्मा माझा," काका म्हणाले.

त्यांना अचानक काय झालं, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. धाकटी ऑफिसातल्या मशीनवर सारखी बंद पडायची, म्हणून ते घरी वेगळ्या मशीनवर करून बघत होते आणि तपासायला मला बोलावलं होतं. पुढच्या खोलीत त्यांचे वडील खुर्चीत बसून उर्दू वर्तमानपत्र वाचत होते. कपाळावर गंध, गळ्यात जानवं, हातात उर्दू पेपर. बाहेरगावच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे त्या वयाच्या माणसांत नव्हतं वाटत. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. म्हाताऱ्यांनी तहसिलीत कारकुनी केली होती. मराठी बोलायचे घरातल्यासारखी, पण वाचायची वेळ आली की अक्षरावर अक्षर ठेवत.

"बसा बेटी," ते म्हणाले. "हा तुम्हालाही कामाला लावतो का?"

"मीच त्यांच्या चुका काढते, आजोबा."

"काढा, काढा. आमच्या काढणारे फार झाले." मग पेपर घडी घालत सांगू लागले. "मी उर्दूत पक्का कारकून. पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजाम गेला, साहेब बदलले, म्हणाले, आता इंग्रजी. सही-शिक्क्यापुरती शिकलो. मग राज्य बदललं, म्हणाले, आता मराठी. हुकूम मराठीत आला, पण हुकमातले शब्द मागाहून आले. 'रुजू' म्हणावं का 'हजर' म्हणावं, हे साहेबालाही ठाऊक नव्हतं. एकाच खुर्चीवर बसून मी दोनदा अडाणी झालो बघा."

ते हसले. मीही हसले. आतून काकूंनी विचारलं, "मामंजी, दुपारची गोळी घेतली का?" आणि त्यांचं हसू थांबलं. समोरच्या तिपाईवर औषधाच्या पट्ट्या होत्या आणि इंग्रजी चिठ्ठी. त्यांनी पट्ट्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या, परत ठेवल्या. "कोणती ती सांग," म्हणाले. आवाज असा, की मी दुसरीकडं बघितलं.

काकांनी मला परत जाताना दारात सांगितलं, "गावची पत्रं वाचून घ्यायला लोक यांच्याकडं यायचे. ओट्यावर रांग असायची. आता स्वतःची गोळी सुनेला विचारून घेतात. कधीकधी विचारायची लाज वाटते म्हणून घेतच नाहीत." आणि मग, ऑफिसातल्या आवाजात, "एक चिठ्ठी यांच्या हातात द्यायचीय मला, जी यांनी कुणाला न विचारता वाचावी. तोवर बाबा असले म्हणजे झालं."

म्हणून धाकटी.

पुढचे दोन महिने काकांचे जे हाल झाले, ते मी जवळून पाहिले. धाकटी न सांगता बंद पडायची आणि लिहिलेलं घेऊन जायची. काका दर चार ओळींनंतर साठवून ठेवायला शिकले. मराठी जोडाक्षरं पडद्यावर नीट दिसायची आणि कागदावर फुटायची. उर्दू तर आणखी अवघड. नमुन्याच्या ओळी दवाखान्यातून कुणाकडून तरी लिहून आणल्या होत्या, त्या समोर ठेवून काका नुसते आकार जुळवायचे. तिथं अक्षर शेजाऱ्याचा हात धरून चालतं, शेजारी बदलला की रूप बदलतं. धाकटी त्यांचे हात सोडवून एकेकाला वेगळं उभं करायची. काकांनी इंटरनेटच्या दुकानात जाऊन परदेशातल्या जाणकारांना प्रश्न पाठवला. बऱ्याच दिवसांनी कुणाचं तरी उत्तर आलं, ते काकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आम्हालाही हीच अडचण आहे. उपाय सापडला तर कळवा.'

"बघा," काका म्हणाले, "परदेशात आपल्या भरवशावर बसलेत लोक."

शेवटी त्यांनी एक आडवाट काढली. अक्षरं अक्षरं म्हणून छापायचीच नाहीत. पडद्यावर ओळ नीट दिसते ना, मग तिचं चित्र काढायचं आणि चित्र छापायचं. प्रिंटर एका चिठ्ठीला रडायचा, पण चिठ्ठी यायची. वर मराठी, खाली उर्दू, दोन्ही जुळलेलं, सुबक. ऑफिसातली पोरं बघायला गोळा झाली. दुसऱ्या दिवशी काका आले ते शीळ घालत. "बाबांनी वाचली! धडाधड वाचली हो बाईसाहेब. नाव वाचलं, औषधं वाचली, केव्हा घ्यायची ते वाचलं. म्हणाले, हर्फ साफ आहेत, अक्षर वळणदार आहे, कुठल्या मुन्शीकडून लिहून घेतलं?" त्या दिवशी सगळ्यांचं तोंड इमरतीनं गोड झालं.

दवाखान्यात चाचणी सुरू झाली. पहिले दोन दिवस तक्रार आली नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बाकावर एक म्हातारी चहा पीत बसली होती, शेजारी तिची सून. म्हातारीला काही झालेलं नव्हतं, हे आधी सांगते. पण आदल्या दिवशी ती सकाळपासून झोपलेली, हलवलं तरी उठेना. सुनेनं घाबरून रिक्षात घालून आणलं होतं. झोपेची गोळी, फक्त रात्री घ्यायची, ती तिनं सकाळी घेतली होती.

आपल्याकडे औषध कसं लिहितात, तुम्हाला माहीत आहे. सकाळ, दुपार, रात्र, असे तीन आकडे. फक्त रात्री असेल तर शून्य, शून्य, एक. चिठ्ठीत वरच्या मराठी ओळीत तसंच होतं. खालच्या उर्दू ओळीतही तसंच होतं. पण उर्दू वाचणारा उजवीकडून येतो. त्याला आधी एक भेटतो.

दोन महिने आम्ही सगळे अक्षरांकडं बघत होतो. आकडे दोन्हीकडं सारखे, म्हणून त्यांच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

"किसी से पूछना था ना, अम्मा," सून म्हणत होती.

"क्यों पूछूँ?" म्हातारी कप खाली ठेवत म्हणाली. "साफ लिखा था. पहली बार खुद पढ़ के खाई मैंने."

काका बाकासमोर उभे होते. त्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला, तसा पुन्हा कधी बघितला नाही.

ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आकड्यांच्या जागी शब्द टाकतो. सुबह, दोपहर, रात. आज संध्याकाळपर्यंत होईल."

"ते होईल हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. "पण बघा, इंग्रजी चिठ्ठी कुणाला वाचता येत नाही, म्हणून लोक खिडकीशी चार वेळा विचारतात. विचारतात, म्हणून चूक होत नाही. तुमची वाचता येते, तोच तिचा धोका आहे. मला एकच सांगा. अजून कुठं काय उलटं असेल, ते तुम्हाला माहीत आहे?"

आता कुठं काही उलटं नसणार म्हणून सांगितलं असतं, तर काम टिकलं असतं. साहेब मागे उभं राहून मान हलवून खुणावत होते. काकांनी ते पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "ही भाषाच नवीन आहे. तिच्यात काय काय चुकू शकतं, ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही."

मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. इतकं खरं बोलायची गरज नव्हती. आज मी स्वतः माणसं सांभाळते, आणि असं उत्तर देणारं एक माणूस मिळावं म्हणून किती मुलाखती घेते, ते माझं मला माहीत.

दवाखान्यानं इंग्रजी चिठ्ठी घेतली. काकांनीच ती थोरलीत लिहून दिली. आठवडा लागला, एक चूक निघाली नाही. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना जिन्यात ते मला म्हणाले, "बाबांनी मला वाचून दाखवलं होतं, बाईसाहेब. त्यांच्या चिठ्ठीतही रात्रीची एक गोळी होती. 'सुबह एक' असं वाचलं होतं त्यांनी. मोठ्यानं. मी समोर बसलो होतो." दोन पायऱ्या उतरून थांबले. "मला नुसतं ऐकू येत होतं की ते वाचतायत."

ऑफिसात त्यांना कुणी दोष दिला नाही. साहेबांनीही नाही. पण त्यानंतर नव्या भाषेची बातमी आली की काकांची खुर्ची वळेनाशी झाली. "घ्या की," म्हणायचे. "तुम्हाला बरी वाटते ना? मग घ्या." पोरांना सुरुवातीला मजा वाटली. मग एका पतसंस्थेचं काम आम्ही अशाच एका कच्च्या भाषेत केलं, आणि वर्षभर सगळे मिळून तिची धुणी धूत बसलो. नको म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आपल्याला माणसाचा नकार खुपतो. तो थांबला की काय गेलं, ते कळायला वेळ लागतो.

वडील पुढच्या उन्हाळ्यात गेले. काकांनी त्यानंतर नोकरी सोडली. करमाडच्या एका क्लासमध्ये मुलांना टंकलेखन आणि हिशेब शिकवायला जाऊ लागले. जायच्या दिवशी मला एक सीडी दिली. आकड्यांच्या जागी शब्द घातलेली चिठ्ठी त्यांनी घरी बसून पूर्ण केली होती, कुणी मागितली नसताना. "ठेवा तुमच्याकडं. धाकटी सुधारेल. तेव्हा कुणी मागितली तर पहिल्यापासून करायला नको."

धाकटी सुधारली. इतकी, की तिला धाकटी म्हणणारी आमची पिढीच म्हातारी दिसू लागली. फोनवर सगळ्या लिप्या आल्या, अक्षरांनी एकमेकांचे हात धरले. काका अधूनमधून भेटायचे, औरंगपुऱ्यात भाजी घेताना, कुणाच्या लग्नात. मी नवीन काय चाललंय ते सांगायची. "वा," म्हणायचे आणि काकूंची पिशवी हातात घ्यायचे.

मागच्या वर्षी ते गेले. हृदयाचं होतं, फार चाललं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच दवाखान्यातून फोन आला. आता तिथं नव्या, तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांना चिठ्ठी मराठी आणि उर्दूत हवी होती. "जमेल का?" त्यांनी विचारलं, जसं कुणी शिंप्याला एखादं बटण लावून मिळेल का विचारतं.

मी काकांची सीडी काढली. ती उघडली, हेच विशेष. पण आतलं काही चालेना. धाकटीच्या लहानपणच्या ज्या ज्या अडचणींना काकांनी आडवाटा काढल्या होत्या, त्या अडचणीच आता नव्हत्या, आणि त्यांच्याबरोबर त्या वाटाही भाषेतून काढून टाकलेल्या होत्या. आमच्याकडच्या एका मुलीनं स्क्रीनकडं बघून विचारलं, "मॅडम, हे असं चित्र काढून का छापलंय? सरळ लिहायचं ना." मी म्हटलं, "तेव्हा सरळ लिहिता येत नव्हतं." तिला ते पटलं नसावं. तिनं सगळं नव्यानं लिहिलं. चार दिवसांत. अडलं म्हणून एकदाही उठली नाही.

मी तपासायला बसले. खालच्या ओळीत आकडे होते. शून्य, शून्य, एक.

"आकडे काढ. शब्द घाल," मी म्हटलं.

"का? वर तसंच आहे की."

मी तिला बसवून सगळं सांगितलं, म्हातारीसकट. तिनं आकडे खोडले आणि म्हणाली, "बापरे, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"मला नाही सुचलं," म्हटलं.

पहिली चिठ्ठी छापली, त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी काकांच्या घरी गेले. काकू एकट्याच होत्या. त्यांना चिठ्ठी दिली, काय आहे ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, वरच्या ओळी बोट ठेवून वाचल्या. मग बोट खाली आलं, उर्दूच्या पहिल्या ओळीवर, आणि तिथं नुसतंच टेकून राहिलं.

"यांनाही येत नव्हतं वाचता," त्या म्हणाल्या. "मामंजी वाचायचे, हे ऐकायचे. पुढं कुणाला शिकवलं नाही कुणीच." चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात परत दिली. "इथं आता वाचणारं कुणी नाही गं. दवाखान्यात ने. तिथं बसलेल्या असतील म्हाताऱ्या."